रूट ऐकला, पण पटला नाही

'लिंक वर आहे, नेबर दिसतोय, पण रूट येत नाहीये.' नेटवर्कच्या कामात हे वाक्य सारखं कानावर पडतं. लिंक म्हणजे पॅकेटं पुढे धाडणाऱ्या दोन राउटरांमधली जोडणी, नेबर म्हणजे पलीकडचा राउटर, आणि रूट म्हणजे अमुक नेटवर्ककडे कुठून जायचं याची बातमी. सांगणाऱ्याचा सूर साधारण असा असतो, की आमच्याकडून सगळं चोख आहे, राउटरच हट्टाला पेटलाय. खोदून बघितलं, तर बहुतेक वेळा रूट आलेला असतो. राउटरने तो ऐकलेला असतो, तपासलेला असतो आणि काही एका कारणाने बाजूला ठेवलेला असतो. ते कारण तो आपणहून सांगत नाही, एवढाच त्याचा दोष.

घडलेली गोष्ट शोधणं तसं सोपं असतं. लिंक पडली की लॉगमध्ये ओळ उमटते, वेळेसकट. पंखा बंद पडला, वीज गेली, कुणी कॉन्फिगरेशन बदललं, सगळ्याची नोंद होते. पण जो रूट टेबलात बसलाच नाही, त्याची ओळ कुठेही नसते. न घडलेल्या गोष्टीला टाइमस्टॅम्प नसतो. त्यामुळे या कामाचा पोत बाकीच्या दुरुस्त्यांपेक्षा वेगळा आहे. इथे तुटलेलं काहीच सापडत नाही. एक निर्णय सापडतो, आणि तो निर्णय राउटरच्या नियमांनुसार अगदी बरोबर घेतलेला असतो.

शिकताना आपल्याला 'राउटिंग टेबल' नावाचं एकच टेबल दाखवतात आणि आपण आयुष्यभर तेच एक बघत बसतो. प्रत्यक्षात रूटला किमान तीन मुक्काम करावे लागतात. ज्या प्रोटोकॉलने, म्हणजे राउटरांच्या आपसात बोलायच्या पद्धतीने, तो आणला, त्याच्या स्वतःच्या साठ्यात तो आधी येतो. ओएसपीएफ हा एका संस्थेच्या आतला प्रोटोकॉल, त्याचा लिंक-स्टेट डेटाबेस असतो. बीजीपी हा संस्थासंस्थांमधला, त्याचं वेगळं टेबल असतं. तिथून निवड होऊन तो मुख्य टेबलात म्हणजे आरआयबीत जातो. आरआयबीतून तो खाली एफआयबीत, म्हणजे फॉरवर्डिंगच्या टेबलात, उतरतो, आणि पॅकेटं ढकलणाऱ्या चिपचा संबंध फक्त या शेवटच्याशी. तीन मुक्काम, प्रत्येक ठिकाणी नाकारलं जाण्याची निराळी कारणं, आणि प्रत्येक ठिकाण दाखवणारी निराळी कमांड. घोडं यातल्या नेमक्या कुठल्या मुक्कामावर पेंड खातंय हे कळायच्या आत कॉन्फिगरेशनला हात लावणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

एफआरआर हे मोफत राउटिंग सॉफ्टवेअर ज्यांनी वापरलंय, त्यांना हा प्रवास एकाच ओळीत दिसतो. 'शो आयपी रूट' दिलं की प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला आधी एक अक्षर येतं. ओ असेल तर ओएसपीएफ, बी असेल तर बीजीपी. अक्षराला चिकटून 'पेक्षा मोठं'चं चिन्ह असेल, तर हा रूट निवडला गेला. त्याच्याही पुढे तारा असेल, तर तो खाली फॉरवर्डिंगमध्ये बसला. अक्षर आहे पण चिन्ह नाही, म्हणजे दुसरा कुणीतरी त्याच्यावर वरचढ ठरला. चिन्ह आहे पण तारा नाही, म्हणजे निवड होऊनही काम सुरू झालेलं नाही. नव्याने आलेल्यांना मी आधी ही डावी कड वाचायला लावतो. ते मात्र उजवीकडच्या आयपी पत्त्यांकडे धावतात. सगळेच धावतात.

वरचढ कोण ठरणार हे कसं ठरतं? एकाच नेटवर्कचा पत्ता दोन प्रोटोकॉलनी आणून दिला, तर राउटर त्यांचे कॉस्ट किंवा मेट्रिक एकमेकांशी ताडून बघत नाही, कारण ती मापं वेगवेगळी आहेत. तो बघतो बातमी कुणी आणली. प्रत्येक स्रोताला विश्वासाचा एक आकडा ठरलेला आहे, आणि आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त. सिस्कोच्या राउटरवर थेट जोडलेल्या नेटवर्कला ०, हाताने लिहिलेल्या स्टॅटिक रूटला १, दुसऱ्या संस्थेकडून आलेल्या, म्हणजे बाहेरच्या बीजीपीला २०, ओएसपीएफला ११०, आयएस-आयएस आणि रिप या आणखी दोन प्रोटोकॉलना ११५ आणि १२०, आपल्याच संस्थेतल्या राउटरकडून आलेल्या, म्हणजे आतल्या बीजीपीला २००. आणि २५५ म्हणजे काहीही झालं तरी विश्वास ठेवायचा नाही. असा रूट टेबलात बसतच नाही.

मला या यादीतली सगळ्यात खटकणारी गोष्ट ही, की ती कुठल्याही मानकात लिहिलेली नाही. ज्या त्या कंपनीने आपापल्या समजुतीनुसार आकडे बसवले. ज्युनिपरवर ओएसपीएफचा आतला रूट १०, ओएसपीएफने बाहेरून आणलेला १५० आणि बीजीपी, आतलं असो वा बाहेरचं, १७०. आता दोन्ही कंपन्यांचे राउटर शेजारीशेजारी बसवा आणि एकच प्रिफिक्स, म्हणजे नेटवर्कचा पत्ता, दोघांनाही ओएसपीएफ आणि बाहेरच्या बीजीपी अशा दोन्हींकडून ऐकवा. सिस्को बीजीपी घेईल, ज्युनिपर ओएसपीएफ. एकजण म्हणेल पॅकेट डावीकडे, दुसरा म्हणेल उजवीकडे. मांडणी जरा आडवी असली, तर पॅकेट दोघांमध्ये टोलवलं जाईल आणि टीटीएल, म्हणजे त्याला मिळालेल्या उड्यांची मर्यादा, संपून मरेल. दोन्ही राउटर निर्दोष. दोन्हीकडचं कॉन्फिगरेशन कुणालाही दाखवा, सगळं बरोबर आहे असंच म्हणेल. अशा ठिकाणी एकट्या राउटरसमोर बसून काही कळत नाही, दोन्ही टेबलं शेजारी ठेवून वाचावी लागतात.

आणि हा विश्वासाचा आकडा लागू होतो फक्त तंतोतंत तोच प्रिफिक्स असेल तर. १०.२०.०.०/१६ आणि १०.२०.५.०/२४ हे राउटरच्या लेखी दोन वेगळे रूट आहेत. तिरप्या रेघेपुढचा आकडा म्हणजे मास्क, पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत ते सांगणारा. दोन्ही टेबलात बसतात, भांडण होतच नाही. पॅकेट आलं की जास्त नेमका, म्हणजे लांब मास्क असलेला रूट जिंकतो, मग तो कितीही कमी विश्वासाच्या माणसाने आणलेला असो. 'रूट तर आहे टेबलात, मग ट्रॅफिक भलतीकडे का जातोय?' या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं, की कुठूनतरी आलेला एखादा /२४ खाली कोपऱ्यात बसलेला असतो आणि आपण वरचा /१६ बघून समाधान मानलेलं असतं. म्हणून टेबल डोळ्यांनी चाळण्यापेक्षा एक पूर्ण पत्ता देऊन राउटरलाच विचारावं, की यासाठी तू कुठला रूट वापरशील. लिनक्सवर 'आयपी रूट गेट' हे काम करतं. डोळे दमतात, कमांड दमत नाही.

या नियमाचं जगाने पाहिलेलं उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चं. यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ हा रूट जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशाच्या हद्दीत यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा जास्त नेमका रूट काढला, आणि तो त्यांच्या वरच्या पुरवठादारामार्फत बाहेर जगभर पसरला. राउटरांनी नियम पाळला, आणि यूट्यूबकडे निघालेली पॅकेटं पाकिस्तानकडे वळली. यूट्यूबने तासाभरानंतर स्वतः तोच /२४ जाहीर केला, आणि पाठोपाठ त्याहून नेमके दोन /२५. नेमकेपणाला उत्तर नेमकेपणानेच द्यावं लागलं. यात कुठल्याही राउटरने कुठलाही नियम मोडला नव्हता, आणि मला त्या घटनेतला तोच भाग अजून अस्वस्थ करतो.

आता ओएसपीएफ. या प्रोटोकॉलवर माझा जीव आहे, कारण तो नाकारतो तेव्हा निदान पुरावा मागे ठेवतो.

एका रात्री जुना राउटर काढून नवा बसवला होता. केबल त्याच, पत्ते तेच. नेबर उभा राहिला, फुलपर्यंत गेला. फुल म्हणजे दोघांनी एकमेकांचे डेटाबेस जुळवून घेतले. डेटाबेस उघडून पाहिला, तर समोरच्याचे सगळे एलएसए, म्हणजे आपापल्या जोडण्या सांगणाऱ्या नोंदी, जागेवर. आणि मुख्य टेबलात ओएसपीएफचा एकही रूट नाही. फोनवर पलीकडचा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की अहो, नेबर फुल आहे, फुल आहे. त्याचंही खरं होतं.

उत्तर नेबरच्याच ओळीत होतं, फक्त दोन्ही बाजूंची ओळ एकाखाली एक ठेवून वाचायला हवी होती. एका राउटरवर 'फुल' नंतर तिरपी रेघ आणि पुढे बीडीआर. दुसऱ्यावर 'फुल' नंतर तिरपी रेघ आणि पुढे नुसती आडवी रेघ. म्हणजे एकजण या लिंककडे ब्रॉडकास्ट नेटवर्क म्हणून बघत होता, जिथे डीआर आणि बीडीआर, म्हणजे मुख्य राउटर आणि त्याचा राखीव, निवडले जातात. दुसरा तिला पॉइंट-टू-पॉइंट समजत होता, जिथे अशी निवड नसतेच. 'मी आहे' असं सांगणाऱ्या हॅलोचं १० सेकंदांचं आणि हॅलो थांबल्यावर नेबर गेला असं धरायच्या डेडचं ४० सेकंदांचं गणित दोन्ही प्रकारांत सारखंच, म्हणून नेबर आरामात जुळला. पण नकाशा काढायच्या वेळी एकाच्या एलएसएत लिहिलंय 'मी अमुक राउटरला थेट जोडलेला आहे', तर दुसऱ्याच्या एलएसएत 'मी अमुक नेटवर्कला जोडलेला आहे'. सगळ्यात जवळची वाट काढणारं डाइक्स्ट्राचं गणित चालवताना ओएसपीएफ प्रत्येक जोडणी उलट बाजूनेही तपासतो. तू त्याचं नाव घेतलंस, त्याने तुझं घेतलंय का? एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणून ती जोडणी नकाशातून बाद. सिस्कोच्या डेटाबेसमध्ये अशा एलएसएच्या डोक्यावर 'अ‍ॅड्व्ह राउटर इज नॉट-रीचेबल' अशी ओळ छापलेली असते. सगळी माहिती हातात आहे, पण ती देणाऱ्यापर्यंत नकाशावर वाटच नाही, म्हणून तिचा उपयोग नाही. एका बाजूच्या इंटरफेसवर नेटवर्क टाइपची एक ओळ बदलली आणि टेबल भरलं.

ओएसपीएफच्या नेबरशिपचं दुसरं नेहमीचं दुखणं एमटीयूचं, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटच्या आकाराचं. नेबर फुलच्या आधीच्या एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या पायऱ्यांवर अडकतो, पुन्हा मागे येतो, पुन्हा अडकतो. पिंग मात्र छान चालू असतं, कारण पिंगचं पॅकेट चिमुकलं. डेटाबेसचं वर्णन पाठवताना प्रत्येक राउटर आपल्या इंटरफेसचा एमटीयू त्यात लिहितो, आणि समोरच्याचा आकडा आपल्याला झेपणाऱ्या आकाराहून मोठा असेल, तर ते पॅकेट स्वीकारायचं नाही असं १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये स्पष्ट आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांक दिलेले जाहीर दस्तऐवज. यावर 'एमटीयू-इग्नोर' नावाची एक कमांड मिळते. ती टाकली की नेबर फुल होतो आणि सगळे घरी जातात. मला ती कमांड मनापासून आवडत नाही. आकड्यांतली तफावत तशीच राहते. पुढे कधी नेटवर्क वाढून एलएसएंची मोठी पॅकेटं निघाली, की ती वाटेत गळतात आणि तेव्हा या जुन्या ओळीची आठवण कुणालाच नसते. एमटीयू दोन्हीकडे सारखा करायला फार तर दहा मिनिटं जास्त लागतात.

ओएसपीएफ इतका चिकित्सक का, याचं एक कारण त्याच्या आधीच्या पिढीने खाल्लेल्या मारात आहे. अगदी सुरुवातीची राउटिंग ऐकीव माहितीवर चालायची. रिप अजूनही तशीच चालते. ती त्या वाटाड्यासारखी, जो म्हणतो 'सरळ जा, पुढे कुणालाही विचारा'. त्याला पूर्ण रस्ता माहीतच नसतो, शेजाऱ्याने सांगितलेल्या अंतरात एक मिळवून तो पुढे सांगतो. एखादं नेटवर्क मेलं, तर दोन राउटर एकमेकांच्या जुन्या बातम्या ऐकून अंतर वाढवत राहतात, आणि १६ म्हणजे अनंत असं ठरवून दिलेलं असल्यामुळेच ते कुठेतरी थांबतात. यावर उपाय म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या जोडण्या सगळ्यांना सांगाव्यात आणि ज्याने त्याने नकाशा काढावा, ही पद्धत इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर आली. आणि २७ ऑक्टोबर १९८० ला तिनेच अर्पानेट काही तासांसाठी झोपवलं.

ती हकिगत मला फार आवडते. प्रत्येक बातमीला एक क्रमांक असायचा, सहा बिटांचा, म्हणजे ० ते ६३. ६३ नंतर पुन्हा ०, म्हणून कुठली बातमी नवी हे गोल फिरून ठरवायचं. एका नोडच्या हार्डवेअरने बिट गाळले आणि एकाच बातमीच्या तीन प्रती फिरू लागल्या, क्रमांक ४४, ४०, आणि ८. आता गोल मोजणीत ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि ८ हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक राउटर प्रामाणिकपणे 'नवी' बातमी घेऊन जुनी टाकत होता आणि नवी पुढे पाठवत होता. चक्र संपेचना. बातमीला वय होतं, पण ते मोजलं जायच्या आत ती पुढे निघालेली असायची. हा सगळा तपास आरएफसी ७८९ मध्ये शांतपणे मांडलेला आहे. ओएसपीएफमध्ये क्रमांक गोल फिरत नाहीत, सरळ रेषेत वाढतात, प्रत्येक राउटर पुढे पाठवताना एलएसएचं वय वाढवतोच, आणि ३६०० सेकंद झाले की एलएसए बाद होतो. हे ज्याने ठरवलं त्याला १९८० ची आठवण असणारच. आज नकाशातून कुणाला बाद केलं म्हणून आपण ओएसपीएफवर चिडतो, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

बीजीपीचा स्वभाव वेगळा. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनला इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफची बैठक होती, तिथे जेवताना कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी त्याचा पहिला आराखडा नॅपकिनांवर काढला. त्याच वर्षी तो आरएफसी ११०५ म्हणून छापला गेला. या प्रोटोकॉलला नकाशा माहीत नसतो. त्याला लोक काय म्हणतात ते माहीत असतं, आणि कुणाचं किती ऐकायचं हे माणसं पॉलिसी लिहून ठरवतात. त्यामुळे इथे रूट नाकारला जाण्याची कारणं तांत्रिक कमी आणि माणसांनी लिहिलेली जास्त.

आणि बीजीपी नाकारतो तो मुकाट. तुमचाच एएस क्रमांक, म्हणजे संस्थेच्या नेटवर्कचा ओळख-क्रमांक, पाथमध्ये, म्हणजे रूट ज्यांच्याकडून फिरत आला त्यांच्या यादीत, दिसला, तर राउटर तो रूट ठेवूनही घेत नाही, कारण त्याच्या मते ही स्वतःकडेच फिरून आलेली बातमी आहे. एकाच संस्थेच्या दोन शाखांनी एकच एएस क्रमांक वापरला आणि मधे पुरवठादार असला, की नेमकं हेच होतं. पुरवठादार शपथेवर सांगतो की रूट पाठवलाय, शाखा शपथेवर सांगते की मिळाला नाही. बीजीपीच्या टेबलात शोधून उपयोग नाही, तिथे त्याची सावलीही पडलेली नसते. डीबग लावला तरच 'पाथमध्ये आपलाच एएस आहे म्हणून नाकारला' अशी ओळ क्षणभर दिसते. मग कळतं की दोघंही खरं बोलत होते.

२०१७ च्या आरएफसी ८२१२ ने यात एक चांगली भर घातली. बाहेरच्या बीजीपी नेबरसाठी पॉलिसी लिहिलेली नसेल, तर काही घ्यायचंही नाही आणि काही द्यायचंही नाही. कल्पना उत्तम आहे, कारण पॉलिसीशिवाय उघड्या ठेवलेल्या सेशननी, म्हणजे दोन राउटरांमधल्या बीजीपीच्या जोडण्यांनी, इंटरनेटला पुष्कळ त्रास दिलाय. पण जुन्या सवयीचा माणूस नव्या सॉफ्टवेअरवर सेशन उभारतो, सेशन एस्टॅब्लिश्ड होतं, आणि मिळालेल्या प्रिफिक्सच्या रकान्यात काही आकडाच येत नाही. एफआरआर त्या रकान्यात चक्क 'पॉलिसी' असा शब्द छापतो. तरी लोक फायरवॉल तपासायला पळतात, म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. बीजीपी ज्यावरून बोलतो त्या टीसीपीच्या १७९ पोर्टवर सेशन उभं आहे म्हटल्यावर फायरवॉलचा प्रश्न तिथेच संपतो की!

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण मात्र नेक्स्ट हॉपचं, म्हणजे पॅकेट पुढे ज्याच्या हाती द्यायचं त्या राउटरच्या पत्त्याचं. बाहेरून आलेला रूट राउटर आतल्या बीजीपी नेबरला देतो, तेव्हा नेक्स्ट हॉपचा पत्ता बदलत नाही, बाहेरच्याचाच ठेवतो. आतल्या राउटरला तो पत्ता कुठे आहे हेच माहीत नसतं. रूट बीजीपीच्या टेबलात येतो, डोळ्यांना दिसतो, पण 'बेस्ट'ची खूण त्याला लागत नाही. त्या रूटचा तपशील उघडला की 'इनअ‍ॅक्सेसिबल' हा शब्द कंसात बसलेला असतो. कडेच्या राउटरवर 'नेक्स्ट-हॉप-सेल्फ' लिहा, म्हणजे तो स्वतःचा पत्ता पुढे करेल, किंवा तो बाहेरचा सबनेट आतल्या ओएसपीएफमध्ये आणा. मी पहिलं करतो. दुसऱ्या मार्गाने बाहेरच्या लिंकची प्रत्येक उचकी आतल्या नकाशाला लागते.

नेक्स्ट हॉपच्या याच नात्यातून सगळ्यात चमत्कारिक दोष निर्माण होतो. टनेल, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं पॅकेट घालून चालवलेली लिंक, उभं राहतं, ओएसपीएफचा नेबर जुळतो, रूट येतात, आणि थोड्याच वेळात टनेल पडतं. मग पुन्हा उभं राहतं. घड्याळ लावावं इतक्या नियमाने. टनेलचं दुसरं टोक, समजा २०३.०.११३.९, आधी साध्या लिंकवरून दिसत असतं. टनेल उभं राहिल्यावर पलीकडचा राउटर ओएसपीएफमधून त्या टोकाचाही जास्त चांगला रूट टनेलमधून पाठवतो. राउटर तो मानतो. आता टनेलचं पॅकेट बाहेर काढायचं तर ते टनेलमध्येच घालावं लागतं. सिस्कोचा राउटर हे ओळखतो, 'रिकर्सिव्ह राउटिंगमुळे तात्पुरतं बंद' अशी ओळ लिहितो आणि टनेल पाडतो. टनेल पडलं की नेबर जातो, नेबर गेला की तो घातक रूट जातो, घातक रूट गेला की टनेलचं टोक पुन्हा दिसू लागतं. चला, पुन्हा पहिल्यापासून. यात लिंक पुरवणाऱ्याला फोन करकरून लोक त्याला हैराण करतात. त्याची लिंक एका सेकंदालाही पडलेली नसते.

आतापर्यंतचं सगळं वरच्या दोन मुक्कामांवरचं. तिसऱ्या मुक्कामावर फार कमी वेळा अडतं, पण अडलं की भल्याभल्यांना घाम फुटतो, कारण प्रत्येक कमांड सांगते की सगळं ठीक आहे. रूट निवडला गेला, टेबलात आहे, नेक्स्ट हॉप बरोबर आहे, आणि पॅकेट जात नाही. १२ ऑगस्ट २०१४ ला हे जगभर झालं. इंटरनेटचं संपूर्ण टेबल ५१२-के, म्हणजे पाच लाखांहून थोड्या जास्त रूटांच्या उंबरठ्यावर होतं आणि त्या दिवशी काही हजार जादा रूट एकदम आले. त्या काळातल्या कित्येक जुन्या राउटरांच्या चिपमध्ये आयपीव्ही४ साठी मुळात ५१२-के एवढीच जागा राखलेली होती. वरच्या टेबलाला मेमरीची ददात नव्हती, ते भरत गेलं. खालच्या चिपमध्ये जागा संपली. जे रूट मावले नाहीत त्यांची पॅकेटं एकतर सीपीयूच्या डोक्यावर आली किंवा सांडली. टेबल वाचून हे कळण्यासारखं नव्हतंच. म्हणून चिपच्या टेबलात किती जागा उरलीय याचा आलेख ज्यांच्याकडे नाही, त्यांनी तो आजच लावावा, कारण टेबल काही आकसणार नाही.

एक छोटी गोष्ट, जिच्यावर मोठमोठ्या कॉलमध्ये तास जातात. राउटरवरून पिंग केलं तर जातं, वापरणाऱ्याच्या मशीनवरून केलं तर जात नाही. राउटर पिंग करताना बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा पत्ता सोर्स म्हणून लावतो, आणि तो मधला सबनेट समोरच्याला माहीत असतो. वापरणाऱ्याचा सबनेट समोरच्याला माहीत नसतो. जायचा रस्ता आहे, यायचा नाही. पिंगला वापरणाऱ्याच्या बाजूच्या इंटरफेसचा सोर्स द्या, दोन सेकंदांत चित्र उघडं पडतं.

राहता राहिला स्टॅटिक रूट. टनेलच्या टोकासाठी साध्या लिंककडे बोट दाखवणारा, त्या एकाच पत्त्यापुरता /३२ स्टॅटिक हा योग्य उपाय आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'रूट येत नाहीये ना, मग हाताने लिहून टाका' या सवयीला. त्या रूटचा विश्वासाचा आकडा १. म्हणजे उद्या खरा रूट आला तरी तो आत शिरू शकणार नाही, आणि नेक्स्ट हॉपच्या पुढची लिंक मेली तरी स्टॅटिकला त्याचा पत्ता लागणार नाही, तो निवांत पॅकेटं खड्ड्यात टाकत राहील. सेशन 'क्लिअर' करण्याची, म्हणजे तोडून पुन्हा उभारण्याची खोडही त्याच जातीची. रूट कधी कधी येतो खरा, पण तो आधी का नाकारला गेला याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून. निदान आधी तिन्ही टेबलांचं आउटपुट फाइलमध्ये उतरवून घ्यावं. आणि रात्री लोकांचं काम थांबलंय म्हणून स्टॅटिक लिहावाच लागला, तर त्याला २५० चा आकडा द्यावा, म्हणजे खरा रूट आला की हा आपोआप मागे सरतो. शिवाय त्याला नाव द्यावं आणि नावात तारीख घालावी. मी जिथे जिथे नवीन कामाला गेलो, तिथे जुन्या राउटरांवर अशा बिननावाच्या स्टॅटिक रूटांची रांग सापडली. ते कशासाठी लिहिले होते हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं, आणि काढायची कुणाची छाती होत नाही. मग एकेकाचा पत्ता घ्यायचा, डायनॅमिक प्रोटोकॉलच्या साठ्यात तो आहे का ते बघायचं, असेल तर स्टॅटिकचा आकडा १ वरून २५० करायचा आणि टेबलात कोण येतं ते पाहायचं. बहुतेक वेळा ओएसपीएफचा रूट तत्काळ पुढे येतो. तो कधीपासून तिथे थांबलेला असतो कोण जाणे. जिथे येत नाही, तिथे काम सुरू होतं.